फुलाचा अर्थ आणि शब्दाचा भार

दिव्य कुरआनातील सूरह रूममध्ये (30:22) अल्लाहने आकाश व पृथ्वीच्या निर्मितीच्या जोडीनेच माणसांच्या भाषांच्या आणि वर्णांच्या विविधतेचा उल्लेख केला आहे व ज्ञानी लोकांसाठी यात निशाण्या असल्याचे सांगितले आहे. आकाश आणि पृथ्वी यांच्या शेजारी भाषेला स्थान मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. एकाच मातापित्याची लेकरे जगभर पसरली, त्यांच्या जिभेवर वेगवेगळे शब्द आले आणि त्या शब्दांबरोबर भोवतालच्या वस्तूंनाही त्यांनी आपापले अर्थ दिले. फुले त्यांतलीच. फूल अल्लाहने निर्माण केले; त्याला शुभ, अशुभ, प्रेमाचे, शोकाचे ही विशेषणे मात्र माणसांनी लावली.

वाचकहो, हा भेद वरवर साधा दिसतो. परंतु आपल्या घरांतील कितीतरी भीती, कितीतरी रुसवेफुगवे आणि काही वेळा उघड अन्यायसुद्धा हा भेद विसरल्यामुळे घडतात. म्हणून त्यावर थोडा विचार करू या.

एक फूल, अनेक अर्थ

शेवंतीचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ती हारांत, वेण्यांत आणि समारंभांत मिरवते. जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती हे सम्राटाच्या घराण्याचे मानचिन्ह आहे. फ्रान्समध्ये मात्र 1 नोव्हेंबरच्या सुमारास लोक आपल्या मृतांच्या कबरींवर शेवंती ठेवतात. त्यामुळे तेथे कुणाच्या घरी मेजवानीला जाताना शेवंतीचा गुच्छ नेला तर यजमान गोंधळून जातो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे मृतांच्या स्मरणदिनी तो कबरींवर आणि घरोघर मांडला जातो. आपल्या महाराष्ट्रात दसऱ्याला त्याचीच तोरणे दारावर लागतात. पांढरा रंग युरोपात वधूचा, तर चीन व कोरियाच्या जुन्या परंपरेत शोकाचा. रशियात जिवंत माणसाला फुले देताना ती विषम संख्येत देतात, कारण सम संख्या अंत्यविधीसाठी राखलेली असते. फूल तेच, रंग तोच. बदलतो तो केवळ लोकांचा संकेत.

मुस्लिम जगताच्या इतिहासातही याचे एक सुंदर उदाहरण आहे. ट्यूलिपला तुर्की व फारसीत 'लाले' म्हणतात. अरबी लिपीत हा शब्द लिहिताना लाम, अलिफ, लाम आणि हे ही अक्षरे येतात. 'अल्लाह' या नावाची अक्षरेही हीच, फक्त क्रम निराळा. अब्जद पद्धतीने मोजल्यास दोन्हींची बेरीज 66 होते. उस्मानी कारागिरांना हे साम्य मोठे प्रिय वाटले. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीच्या भिंतींवरील फरश्यांत आजही लालेची असंख्य रूपे दिसतात. हेच फूल हॉलंडला पोहोचले तेव्हा मात्र तेथे ते सट्ट्याचा माल बनले. एकेका कंदासाठी लोकांनी अफाट किमती मोजल्या आणि 1637 साली तो बाजार कोसळला. एका देशात ज्या फुलाने निर्मात्याच्या नावाची आठवण करून दिली, त्याच फुलाने दुसऱ्या देशात लोभ जागवला. लालेच्या पाकळीत ना ते नाव लिहिलेले होते, ना तो लोभ. नावाची आठवण लिपी जाणणाऱ्याच्या मनात होती आणि लोभ सट्टा खेळणाऱ्याच्या.

युरोपात पुढे 'फुलांची भाषा' म्हणून एक प्रकार रूढ झाला. त्याची सुरुवातही तुर्कस्तानातून आलेल्या वार्तेने झाली. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यू हिने 1718 साली इस्तंबूलहून एका पत्रात असे कळवले होते की, तेथे फुले, फळे व इतर वस्तू पाठवून निरोप देता येतो. वास्तविक तो यमकांचा खेळ होता. उदाहरणार्थ, नाशपातीला तुर्कीत 'अर्मुत' म्हणतात, त्याचे यमक 'उमुत' म्हणजे आशा या शब्दाशी जुळते. म्हणून नाशपाती पाठवली की आशेचा निरोप. अर्थ फळात नव्हता, भाषेच्या नादात होता. युरोपात गेल्यावर यमक गळून पडले आणि लोकांनी नव्याने अर्थ ठरवून त्यांचे कोश छापले. फ्रेंच भाषेत अशा निरोपाच्या गुच्छाला 'सेलाम' असे नाव पडले. आपला 'सलाम', म्हणजे शांतीची प्रार्थना, तेथे जाऊन पुष्पगुच्छाचे नाव झाला!

शब्दांचेही तसेच

फुलांसारखेच शब्दही प्रदेश बदलला की अर्थ बदलतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी. उर्दूत 'राजीनामा' हा दोन पक्षांच्या संमतीचा लेख, मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज. 'गुलाब' हा शब्द तर मूळचा फुलाचा नव्हेच. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेथे 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता पाण्याचे नाव फुलाला मिळाले, आणि मग पाण्यासाठी आपल्याला पुन्हा एकदा 'पाणी' जोडावे लागले.

श्रद्धावंतांना याबाबत कुरआनने फार मोलाची शिकवण दिली आहे. मदीनेत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सभेत लोक 'राइना' असे म्हणत. त्याचा सरळ अर्थ, आमच्याकडे लक्ष द्यावे. परंतु काही द्वेष्टे लोक जीभ किंचित वाकवून याच उच्चारात अवमानाचा अर्थ भरत. सूरह बकराच्या 104 व्या आयतीत श्रद्धावंतांना हा शब्द सोडून त्याऐवजी 'उन्जुरना' म्हणण्याचा आदेश दिला गेला. विचार करा, श्रद्धावंतांचा हेतू शुद्ध होता, त्यांच्या भाषेत शब्दही निर्दोष होता. तरीही तो सोडायला सांगण्यात आले. बोलणाऱ्याने आपला हेतू पाहावाच, पण आपला शब्द दुसऱ्याच्या कानात शिरून काय होतो, याचीही जबाबदारी त्याने घ्यावी, हा यातील धडा आहे. निरनिराळ्या धर्मांच्या व भाषांच्या शेजाऱ्यांबरोबर राहणाऱ्या समाजाला याहून उपयुक्त शिष्टाचार कोणता असू शकेल?

म्हणूनच इस्लामी विधिशास्त्राने लोकांच्या संकेतांना, म्हणजे 'उर्फ'ला, व्यवहारात स्थान दिले आहे. शरीअतच्या आदेशाशी विरोध नसेल तेथे शब्दाचा अर्थ त्या त्या प्रदेशाच्या प्रघातानुसार लावला जातो. फ्रान्समधील यजमानाकडे जाताना शेवंती टाळणे हा शकुन मानणे नव्हे. त्याच्या भाषेचा तो आदर आहे.

पैगंबरांनी (स.) दिलेली दृष्टी

आता पैगंबर (स.) यांनी एका सुगंधी वनस्पतीचा उल्लेख कसकसा केला, ते पाहू. अरबीत 'रैहान' म्हणजे सुवासिक वनस्पती. आपल्या सब्जाच्या जातीची झाडे त्यात येतात. मुस्लिमच्या हदीससंग्रहात आहे की, कुणी रैहान देऊ केला तर तो नाकारू नये, कारण तो वाहण्यास हलका व सुगंधी असतो. बुखारीतील हदीसनुसार पैगंबर (स.) यांनी आपले नातू हजरत हसन व हजरत हुसैन (रजि.) यांना या जगातील आपले दोन रैहान म्हटले. कुरआनातही (56:89) अल्लाहच्या निकटवर्ती दासांसाठी सुख, रैहान आणि देणग्यांनी भरलेल्या जन्नतचा उल्लेख येतो.

परंतु बुखारी व मुस्लिम यांतील आणखी एका हदीसमध्ये हाच रैहान अगदी निराळ्या ठिकाणी येतो. कुरआन पठण करणारा श्रद्धावंत महाळुंगासारखा आहे, सुवासही चांगला व चवही चांगली. पठण न करणारा श्रद्धावंत खजुरासारखा, सुवास नाही पण चव गोड. पठण करणारा दांभिक रैहानासारखा, सुवास उत्तम पण चव कडू. आणि पठण न करणारा दांभिक कडू इंद्रावणासारखा, सुवासही नाही आणि चवही कडू. एकाच वनस्पतीची उपमा एकदा लाडक्या नातवांना आणि एकदा दांभिकाला! रैहान ना पुण्यवान ठरला, ना पापी. तो केवळ समजावून सांगण्याचे साधन राहिला. उपमा वापरावी, तिच्यातून बोध घ्यावा आणि वस्तूला वस्तूच राहू द्यावे, ही ती दृष्टी आहे.

खूण आणि शकुन

संकेत जोवर भाषेचे काम करतो तोवर त्यात वावगे काही नाही. पण आपणच ठरवलेला संकेत आपले नशीब ठरवू लागला की तो शकुन होतो, आणि तेथे ईमान धोक्यात येते. अरब लोक पक्षी उडवून पाहत आणि तो डावीकडे गेला तर प्रवास रद्द करीत. पैगंबर (स.) यांनी अपशकुन मानण्याचा स्पष्ट निषेध केला आणि सफर महिन्याचे अशुभत्वही नाकारले. तरीही आपल्या दख्खनच्या काही घरांत सफरच्या पहिल्या तेरा दिवसांना 'तेरा तेजी' म्हणून लग्नकार्ये अडवली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. हजरत आयेशा (रजि.) यांचा विवाह शव्वालमध्ये झाला होता. लोक तो महिना लग्नाला अशुभ मानत, आणि त्या मात्र विचारीत की, पैगंबरांच्या (स.) पत्नींमध्ये माझ्याहून अधिक भाग्यवान कोण होती?

पैगंबर (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. शोकाकुल पित्याला हा अर्थ किती सहज दिलासा देऊन गेला असता! परंतु त्यांनी तेथल्या तेथे सांगितले की, सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची निशाणी आहेत. कुणाच्या मृत्यूने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ज्यांनी स्वतःच्या पुत्रशोकातही आकाशाला खोटा अर्थ चिकटू दिला नाही, त्यांच्या अनुयायांनी एका फुलाला घाबरावे काय?

याच्या उलट, चांगला शब्द कानी पडल्यावर आशा वाटणे त्यांना आवडत असे. हुदैबियाच्या वेळी बोलणी करण्यासाठी मक्केहून सुहैल आला. त्याच्या नावात 'सह्ल', म्हणजे सोपे, ही भावना आहे. त्याला पाहून पैगंबर (स.) म्हणाले की, आता तुमचे काम सोपे झाले. यात भीती नव्हती, अल्लाहविषयीचा सद्भाव होता. अपशकुन माणसाचे पाऊल अडवतो. चांगला शब्द त्याला उभारी देतो.

संकेताच्या नावाने होणारा अन्याय

वाचकहो, या विषयाची खरी कसोटी बागेत नव्हे, घरात लागते. आपल्या प्रदेशाच्या जुन्या रूढीत पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या केसांतील गजरा कायमचा जातो, बांगड्या जातात, शुभकार्यात तिला मागे बसवले जाते. या रूढीची सावली अनेक मुस्लिम घरांवरही पडली आहे. मुलीच्या मेंदीच्या दिवशी विधवा मावशी कोपऱ्यात बसते, आणि तिने वधूला हात लावू नये असे कुणी तोंडाने म्हणत नसले तरी डोळ्यांनी म्हणतो.

शरीअतचा आदेश काय आहे? पतीच्या मृत्यूनंतर चार महिने दहा दिवस इद्दत, गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत. त्या काळात स्त्रीने शृंगार व सुगंध टाळावा. ही मुदत संपल्यावर तिने स्वतःविषयी रीतीनुसार जे काही करावे त्यात दोष नाही, असे सूरह बकरामध्ये (2:234) स्पष्ट केले आहे. इतर नातलगांसाठी तर शोक तीनच दिवसांचा. हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांचे वडील वारले, तेव्हा तीन दिवसांनंतर त्यांनी सुगंध मागवून लावला, मला त्याची गरज नव्हती, पण पैगंबरांचा (स.) आदेश पाळण्यासाठी मी तो लावला, असे त्यांनी सांगितले. केवढी ही जाण! शोकालाही अल्लाहने सीमा घातली आहे आणि ती वाढवण्याचा अधिकार समाजाला नाही. पैगंबर (स.) यांच्या पवित्र पत्नींपैकी हजरत आयेशा (रजि.) वगळता इतर सर्वांचे पूर्वी विवाह झालेले होते आणि त्यांतील अनेकजणी विधवा होत्या. या उम्मतच्या माता अशुभ होत्या, असे म्हणण्याचे धाडस कोणता मुसलमान करील?

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल साऱ्या महाराष्ट्राने घेतली. ज्यांच्या परंपरेत ही रूढी होती ते ती सोडण्यासाठी पुढे येत असताना, ज्यांच्या धर्मात ती कधी नव्हतीच त्यांनी ती जपत बसावे, ही लाजिरवाणी बाब आहे.

असाच एक शब्द आहे, 'पांढऱ्या पायाची'. नवी सून घरात येते, त्याच महिन्यात व्यवसायात तोटा येतो किंवा घरातील वडीलधारे आजारी पडतात, आणि कुणीतरी हा शब्द उच्चारते. तीन शब्दांचेही वाक्य नाही, परंतु एका निरपराध मुलीचे आयुष्य त्याखाली दबून जाते. तोटा अल्लाहच्या विधीने आला, आजार त्याच्या आज्ञेने आला. हा शब्द मात्र आपल्या जिभेवरून आला. वाईट नावांनी एकमेकांना हाक मारू नका, हा सूरह हुजुरातचा (49:11) आदेश अशा वेळी आठवावा.

नाव ठेवताना

शब्दाचे महत्त्व पैगंबर (स.) किती जाणत होते, हे नावांवरून दिसते. एका स्त्रीचे नाव 'आसिया', म्हणजे अवज्ञा करणारी, असे होते. ते बदलून त्यांनी 'जमीला' ठेवले. (फिरऔनच्या श्रद्धावंत पत्नीचे 'आसिया' हे नाव अरबीत वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाते व त्यात दोष नाही, देवनागरीत दोन्ही सारखी दिसतात एवढेच.) हजरत सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव 'हज्न', म्हणजे खडबडीत जमीन. पैगंबर (स.) यांनी 'सह्ल' हे नाव सुचवले, पण वडिलांनी ठेवलेले नाव बदलण्यास ते राजी झाले नाहीत. आमच्या घराण्यात तो खडबडीतपणा पुढेही टिकून राहिला, असे नातवाने नमूद केले आहे.

आपण मुलींना यास्मीन, नसरीन, नर्गिस, रेहाना अशी फुलांची नावे हौसेने देतो. त्यात काहीच गैर नाही. पण नाव सुगंधी ठेवून त्याच लेकीला दिवसभर कडू शब्दांनी हाका मारणे, हे तिच्या नावाशी आणि तिच्याशीही बेइमानी ठरेल.

दोन कबरींची आठवण

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत गंभीर आहे. बुखारी व मुस्लिममध्ये आहे की, पैगंबर (स.) दोन कबरींजवळून गेले व म्हणाले की, या दोघांना यातना होत आहेत. त्यांनी एक हिरवी फांदी मागवली, तिचे दोन भाग केले आणि दोन्ही कबरींवर लावले. ती सुकेपर्यंत कदाचित यांची यातना हलकी होईल, असे ते म्हणाले. या हदीसवरून कबरीवर फुले, सब्जा अथवा फांदी ठेवावी की नाही, याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती पैगंबरांचीच (स.) विशेष बाब होती, काहींनी त्यातून परवानगी काढली. या मतभेदावर आपण तासन्‌तास वाद घालतो.

पण त्या यातनेचे कारणही याच हदीसमध्ये सांगितले आहे, आणि तेथे कोणताही मतभेद नाही. एक जण लघवीच्या अस्वच्छतेपासून स्वतःला जपत नसे. दुसरा चहाडी करीत फिरे, इकडचे शब्द तिकडे नेत असे. फांदी आपल्या लक्षात राहिली, चहाडी आपण विसरलो! कबरीवर काय ठेवावे याची चर्चा चालू असतानाच जर आपण कुणाची निंदा करीत असू, तर त्या फांदीपासून आपण काय शिकलो?

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना इराकच्या एका माणसाने विचारले होते की, इहरामच्या अवस्थेत माशी मारली तर काय? ते उद्गारले की, हे लोक माशीविषयी विचारतात आणि यांनी पैगंबरांच्या (स.) नातवाला ठार केले; आणि मग दोन रैहानांची ती हदीस त्यांनी ऐकवली. खुणा काटेकोरपणे जपायच्या आणि माणसांना तुडवायचे, ही प्रवृत्ती तेव्हाही होती. ती आपल्यात येऊ नये.

फुलाचा अर्थ देशागणिक बदलतो आणि फूल सुकले की संपतो. सूरह ताहामध्ये (20:131) ऐहिक वैभवासाठी जो शब्द आला आहे त्याचा मूळ अर्थ 'फुलोरा' असाच आहे; बहरतो आणि गळतो. गुलाबासाठी असलेला 'वर्दह' हा शब्द तर कुरआनात एकदाच येतो (55:37), तोही कयामतच्या दिवशी फाटून लाल झालेल्या आकाशाचे वर्णन करताना. उच्चारलेला शब्द मात्र सुकत नाही. तो टिपून घेणारा निरीक्षक सदैव सज्ज असतो, असे सूरह काफ (50:18) सांगते. आणि सूरह इब्राहीममध्ये (14:24-26) चांगल्या शब्दाला अशा उत्तम वृक्षाची उपमा दिली आहे, ज्याचे मूळ घट्ट रोवलेले, फांद्या आकाशात पोहोचलेल्या आणि जो आपल्या पालनकर्त्याच्या आज्ञेने सदैव फळ देतो. वाईट शब्दाला मात्र जमिनीवरून उपटलेल्या, आधार नसलेल्या झाडाची.

तेव्हा फूल देणाऱ्याचे फूल आनंदाने स्वीकारा, त्याचा सुगंध घ्या, आणि ते निर्माण करणाऱ्याची स्तुती करा. त्याच्या रंगात आपले नशीब शोधू नका. शोधायचेच असेल तर आज दिवसभरात आपल्या तोंडून निघालेले शब्द आठवून पाहा. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातील ज्या व्यक्तीला आपल्या शब्दाने इजा झाली असेल, तिच्याशी एक चांगला शब्द बोला. चांगला शब्द हेही दान आहे, असे पैगंबर (स.) यांनी शिकवले आहे, आणि हे दान देण्याइतका श्रीमंत प्रत्येकजण असतो.

हे अल्लाह! आमच्या जिभांना चांगल्या शब्दांचे वळण लाव, आमच्या मनांतून शकुन-अपशकुनांची भीती काढून टाक, आमच्या घरांतील दुःखी जीवांना आमच्या हातून व आमच्या बोलण्यातून दिलासा मिळू दे, आणि आम्हा सर्वांना त्या जन्नतमध्ये स्थान दे, जेथे व्यर्थ बोल नाहीत, केवळ सलाम आहे. आमीन.